डोक्यावर उभी पुस्तकं

पुस्तकाच्या दुकानात मी लागले ती झाडलोटीला नाही, पुस्तकं लावायला. हे आधीच लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. झाडलोटीला लागले असते तर मला खोटं बोलावं लागलं नसतं.

दुकान थेरगावात आहे, डांगे चौकाकडून आत येणाऱ्या एका गल्लीत. एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्तीवाला. मधले दोन गाळे एक करून मालकांनी दुकान काढलं, त्यांना सगळे काका म्हणतात. काका एका कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झाले. सगळी नोकरी त्यांनी नट, बोल्ट, ड्रिल आणि हातमोजे सांभाळण्यात काढली. "माणसानं खिडकीवर येऊन मागितलं की अर्ध्या मिनिटात वस्तू हातात पडली पाहिजे," असं ते अजून सांगतात. दुकानही त्यांनी स्टोअरसारखंच ठेवलंय. प्रत्येक फळीला पिवळी पट्टी आणि तिच्यावर नंबर. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तोच नंबर. स्टूल कुठं ठेवायचं त्याचा चौकोन फरशीवर रंगवलेला. भिंतीवर कात्रीचं, चिकटपट्टीचं, मोजपट्टीचं चित्र, आणि त्या त्या चित्रावर ती ती वस्तू टांगलेली. झाडूचंसुद्धा चित्र आहे. पहिल्या दिवशी मी झाडू दारामागं ठेवला तर काका म्हणाले, "ताई, त्याचं घर तिकडं आहे."

त्याआधी मी निघोज्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायचे. काळेवाडीहून पहाटेची गाडी धरायची, आणि मग दुपारपर्यंत उभं. गुडघे गेले तेव्हा ते काम सुटलं. घराजवळ काही मिळतंय का बघत फिरताना ह्या दुकानाच्या दारावरचा कागद दिसला. पुस्तके लावण्यासाठी बाई पाहिजे, किमान दहावी. तो कागद मी तीन दिवस येताजाता थोडा थोडा वाचला. मला एका दमात वाचता येत नाही. जोडाक्षर आलं की मी थांबते, ते सोडवते आणि मग पुढे जाते. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवी पलीकडच्या गावात, आणि माझ्या पाठची तीन भावंडं घरात. एवढंच कारण. त्यात कुणाचा दोष धरावा असं मला वाटत नाही.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "दहावी सांग. कोण बघायला येतंय."

"आणि मार्कशीट मागितली तर?"

"पुरात गेली म्हणायचं."

"आपल्या गावाला नदी तरी आहे का?"

"ते त्यांना काय माहीत. ते थोडंच बघायला जाणारेत मराठवाड्यात."

पुराची गोष्ट सांगायची वेळ आली नाही. काकांनी एक छापील कागद काढला, कंपनीत असतो तसा. नाव, पत्ता, शिक्षण. मी दहावी म्हणाले, त्यांनी दहावी लिहिलं आणि मी खाली सही केली. सही मला चांगली येते.

काम मला जमलं, ते काकांच्या नंबरांमुळे. शेवटचं पान उघडायचं, नंबर बघायचा, त्या पट्टीवर पुस्तक ठेवायचं. पावसाळ्यात पुस्तकांना हवा दाखवायची, कोरड्या फडक्यानं पाठ पुसायची, फळीवर पुस्तकं इतकी दाटीनं बसवायची नाहीत की काढताना वरची कड फाटेल. हे सगळं हातांचं काम होतं आणि माझे हात कामाला कधीच कमी नव्हते. कुणी नाव घेऊन पुस्तक मागितलं की मी खाली बघून "काका देतील" म्हणायचे. काकांना वाटायचं, ताई लाजरी आहे. ते खरंच होतं. लाजरेपणाचा मला आयुष्यात एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

बसायला स्टूल असलेलं हे माझं पहिलं काम. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी लहान मुलांच्या कपाटापाशी बसून एखादं पान वाचायचे, ओळीखाली बोट धरून. पुस्तक संपायला महिना लागला तरी तिथं कुणी घाई करत नाही. एका गोष्टीत एक म्हातारी कोंबड्यांना नावं ठेवून हाका मारते. ते वाचून मी एकटीच हसले आणि मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून गल्ल्याकडे पाहिलं. काका पेपर वाचत होते. त्यांनी पाहिलं असेल तरी दाखवलं नाही. ह्या गोष्टीबद्दल मी त्यांचे उपकार मानते.

परवाच्या उन्हाळ्यात काकांनी दुकान रंगवायला काढलं. सगळी पुस्तकं खोक्यांत भरून आम्ही मागच्या खोलीत ठेवली. रंग द्यायला आमच्याच गल्लीतले दोघे भाऊ होते. माणसं नीट होती. फरशीवर ठिपका पडू दिला नाही. पण रंग चालू असतानाच काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस धुळीत जायचं नाही. रंग संपला तेव्हा बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली होती. काकांचं घर बौद्ध आहे आणि त्या दिवशी दुकानात वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते. लोक विहारातून येताना घरच्यांना घेऊन येतात आणि पुस्तक घेऊनच जातात.

काकांच्या सूनबाई हिंजवडीला कंपनीत आहेत. त्या म्हणाल्या, चार दिवस मी घरून काम करण्याऐवजी दुकानातून करते. लॅपटॉप गल्ल्यावर ठेवून कानात ते फोनवर बोलायचं बोंडूक घालून त्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, पुस्तकं तुम्ही लावा. पप्पांचे नंबर आहेतच. आणि गिऱ्हाईक आलं की काढून पण तुम्हीच द्या हं, मी मीटिंगमध्ये असेन. मला काही विचारू नका, मला ह्यातलं काही कळत नाही."

लावणं ठीक होतं. पण काढून देणं म्हणजे नाव वाचून शोधणं, आणि तेही माणसं समोर उभी असताना. काकांच्या मागं लपायची सोय राहिली नव्हती. एका गर्दीच्या दिवसात माझी दहावी उघडी पडली असती आणि मग हे काम, हे स्टूल, दुपारची ती पानं, सगळंच.

म्हणून मी ठरवलं की लावतानाच सगळी नावं वाचून घ्यायची. कुठल्या फळीवर काय आहे ते पाठ करायचं. पहिल्या दिवशी दोन कपाटं झाली आणि माझी मान आखडली. कारण असं की पुस्तकाच्या पाठीवरचं नाव सगळ्यांचं एका बाजूनं जात नाही. काहींचं वरून खाली येतं, मग मान उजवीकडे कलती करावी लागते. काहींचं, जुन्या मराठी पुस्तकांत जास्त करून, खालून वर जातं. त्याला मान डावीकडे. घडाघडा वाचणाऱ्या माणसाला हे कळतही नसेल. तो नजर टाकतो आणि पुढे जातो. मी एकेका नावापाशी थांबते, आणि थांबून अक्षर जुळवत असताना मान उजवीकडून डावीकडे गेली की आधीचं जुळवलेलं सुटून जातं.

तिसऱ्या कपाटापाशी मान वळवताना मला वाटलं, ही मांडायचीच चूक आहे. आपण फडताळात डबे ठेवतो तेव्हा चिठ्ठी समोर येईल असेच ठेवतो ना. डबा थोडा फिरवला की झालं. मग मी खालून वर जाणारी सगळी पुस्तकं उचलून फिरवली. आता सगळी नावं वरून खाली. पुस्तकाचं तोंड उलटं होतंय हे मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते. पण फळीवर असताना पुस्तकाचं तोंड कुणाला दिसतं? दिसते ती पाठ. तोंड पुढचं पुढे, काढलं की माणूस आपोआप सरळ धरतो.

तीन दिवसांत सगळं दुकान तसं लावलं. उजवीकडे मान कलती करून मी पहिल्या कपाटापासून शेवटच्यापर्यंत चालत गेले आणि मला प्रत्येक नाव लागलं. सावकाश, पण लागलं. इतका आनंद मला फार कमी वेळा झालाय. सूनबाईंनी लॅपटॉपवरून मान वर केली आणि म्हणाल्या, "वा, किती एकसारखं दिसतंय." त्यांनाही काही लक्षात आलं नाही.

बुद्धपौर्णिमेला सकाळपासून माणसं यायला लागली. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. पहिला तासभर सगळं माझ्या मनासारखं झालं. एकानं पुस्तक मागितलं, मी काढून दिलं. दुसऱ्यानं मागितलं, तेही दिलं. देताना मीच सरळ करून देत होते. मग गर्दी वाढली आणि लोक आपल्या हातानं काढायला लागले.

चाळिशीच्या एका गृहस्थांनी बुद्धांच्या चरित्राचं जाडं पुस्तक ओढलं. मुखपृष्ठावर बुद्धांची मूर्ती होती, डोळे मिटलेली. ती त्यांच्या हातात डोक्यावर उभी होती. त्यांनी शेजारचं काढलं. तेही तसंच. तिसरंही.

"हे काय आहे?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, म्हणूनच सगळे गप्प झाले. "आजच्या दिवशी? कुणी लावलंय हे?"

सूनबाई गल्ल्यावरून उठून आल्या. त्यांनी पुस्तकं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. पुस्तकं मी लावलीत हे त्यांना माहीत होतं, पण सावरायला तोंडात आलं ते त्या बोलून गेल्या. "सॉरी भाऊ, रंगकाम चाललं होतं. पेंटर होते इथं चार दिवस, त्यांनी कशीही कोंबली असतील."

"पेंटर कुठले होते?"

"इथलेच आहेत, गल्लीतले."

"नावं सांगा त्यांची. विचारतो त्यांना, कशाचा राग आहे ते."

मी स्टुलावर चढलेली होते. मला खाली उतरायला किती वेळ लागला ते आठवत नाही. मी गप्प राहिले असते तर माझी दहावी शाबूत राहिली असती, आणि ज्या दोघांनी फरशीवर ठिपका पडू दिला नाही त्यांच्या दारात हे गृहस्थ चारचौघं घेऊन गेले असते.

"त्यांनी नाही," मी म्हणाले. "मी लावली. सगळं दुकान मीच लावलंय असं."

"का?" सूनबाईच म्हणाल्या. "ताई, तुम्ही दहावी शिकलेल्या आहात. उलटं-सुलटं कळत नाही का?"

"माझी चौथी झालीये."

हे मी इतकं हळू म्हणाले की मागच्या बाईनं शेजारणीला काय म्हणाली म्हणून विचारलं, आणि शेजारणीनं मोठ्यानं सांगितलं.

पांढऱ्या साडीतल्या एक आजी कपाटापाशी उभ्या होत्या, थेरगावातल्याच जुन्या. त्यांनी त्या गृहस्थांच्या हातातलं पुस्तक घेतलं, सरळ केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "समद्या दुनियेची मान सरळ केली त्यांनी, अन् तू त्यास्नीच डोक्यावर उभं केलंस व्हय?"

दोघं-तिघं हसले. मलाही रडू यायच्या ऐवजी कसंतरी हसूच आलं. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी उरलेली दोन पुस्तकं सरळ करून गल्ल्यावर ठेवली आणि काही न घेता निघून गेले. ते पुन्हा आलेले मी पाहिलेले नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते आणि माझ्या देव्हाऱ्यातल्या देवाला कुणी असं उभं केलं असतं, तर मलाही लागलं असतं.

सूनबाईंनी काकांना फोन केला. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना काका रिक्षानं आले, डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडाला रुमाल. मला वाटलं, आता ते तो छापील कागद काढतील. त्यांनी कागद काढला नाही. फरशीवरच्या चौकोनातलं स्टूल त्यांनी बाहेर ओढलं. ते तिथून हललेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यावर बसले आणि मला समोर उभं केलं.

कंपनीत मशीन बंद पडलं की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, अशी पद्धत असते. निघोज्याच्या कॅन्टीनच्या भिंतीवर त्याचा तक्ताच होता. पण तो मशीनसाठी असतो. माणसाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"पुस्तकं उलटी का लावली?"

"नावं एका बाजूनं वाचता यावीत म्हणून."

"एका बाजूनं का?"

"सारखी मान फिरवली की अक्षरं सुटतात."

"का सुटतात?"

"मला जुळवून वाचावं लागतं. वेळ लागतो."

"का?"

"चौथीतनं शाळा सुटली काका."

"मग दहावी का सांगितली?"

हे उत्तरही मला जुळवावं लागलं. ते थांबले. घाई केली नाही.

"चौथी सांगितली असती तर तुम्ही घेतलंच नसतं. घेतलं असतं तरी हातात झाडू दिला असता."

काका काळ्या चष्म्याआडून कुठं बघत होते कळत नव्हतं. मग म्हणाले, "बरोबर आहे. झाडूच दिला असता."

हे त्यांनी कबूल केलं ते मला फार मोठं वाटलं. नाही गं, तसं काही नसतं, असं म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. आणि मला आयुष्यात इतक्या वेळा 'का' असं कुणी विचारलंच नव्हतं. शाळा सोडली तेव्हा नाही, लग्न ठरलं तेव्हा नाही, कॅन्टीन सुटलं तेव्हाही नाही. ज्यानं त्यानं आपल्याला वाटेल ते कारण धरलं आणि पुढे गेला.

मग काकांनी तो छापील कागद काढला. माझ्या हातात पेन दिला. दहावी मी खोडलं, बाजूला चौथी लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. "खाडाखोडीपाशी सही लागते," काका म्हणाले. "आता कागद खरा झाला. पुस्तकं सरळ करा. आजच्या आज."

दुपारपासून मी आणि सूनबाईंनी मिळून पुस्तकं सरळ केली. लॅपटॉप बंद करून त्या पहिल्यांदाच धुळीत हात घालत होत्या. एका फळीपाशी त्याच थांबल्या आणि मान इकडे तिकडे करून म्हणाल्या, "खरंच की. हे कधी लक्षातच आलं नव्हतं." मग मला तिथल्या तिथं सुचलं ते मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते ओरडून काकांना सांगितलं, कारण मला ओरडता येत नाही. पुस्तकं सगळी सरळच ठेवायची. पण प्रत्येक फळीवर वरून खाली जाणारी नावं आधी, खालून वर जाणारी मागाहून. म्हणजे एका फळीला मान एकदाच फिरवावी लागेल.

काकांनी मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे करून पाहिली. "कंपनीत ह्याला सुधारणा म्हणतात," ते म्हणाले. "फोटो काढून बोर्डावर लावतात आणि स्टीलचा डबा देतात. आपल्याकडे बोर्ड नाही आणि डबाही नाही."

"राहू द्या डबा," मी म्हणाले. "घरी ठेवायला जागा नाही."

घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, "पुराचं सांगायचं राहूनच गेलं की."

आता दुकान तसंच लावलेलं आहे. गिऱ्हाईक ओळीच्या मधोमध येऊन मान दुसऱ्या बाजूला करतं आणि पुढे वाचायला लागतं. काकांचे डोळे बरे झाले आहेत, पण गर्दी असली की ते गल्ल्यावरून उठत नाहीत, आणि मीही आता त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. कुणी पुस्तक मागितलं की मी सांगते, मला वाचायला वेळ लागतो, थांबाल का जरा. पहिल्यांदा हे म्हणाले तेव्हा समोर शिफ्टवरून आलेला एक माणूस होता, कंपनीचा ड्रेस अंगावर, पायांत जड बूट. त्याला घरी जायची घाई असणारच. तो म्हणाला, "थांबतो की."

मी फळीपाशी गेले, मान कलती केली आणि पहिल्या पुस्तकापासून वाचत निघाले. तो थांबला होता. मागं वळून पाहिलं नाही मी, पण बूट हलल्याचा आवाज आला नाही. त्याचं पुस्तक अकरावं होतं.